जुलैतला नाताळ: सिडनीत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

सिडनीतला पहिला हिवाळा सुरू झाला की कधी ना कधी कानावर येतं, "आमच्याकडे शनिवारी ख्रिसमस इन जुलै आहे, नक्की या." बोलावणारी शेजारीण असते, ऑफिसातलं कुणी असतं किंवा मुलाच्या वर्गातल्या मैत्रिणीची आई असते. मग घरात प्रश्न सुरू होतात. त्या दिवशी सुट्टी असते का? चर्चमध्ये जायचं असतं का? सगळ्यांसाठी भेटवस्तू न्यायच्या का? आपण शाकाहारी आहोत हे कसं सांगायचं? आणि एकदा जाऊन आलं की मुलं म्हणतात, पुढच्या वर्षी आपल्याकडे करू या.

पाहुणे म्हणून जाणाऱ्यांसाठी आणि घरी करणाऱ्यांसाठी, दोघांसाठी हे लिहितो आहे. आम्ही दरवर्षी करतो आणि मला हा सण मनापासून आवडतो. सिडनीच्या हिवाळ्यात माणसं घरात बसतात, कुणी कुणाकडे जात नाही. नव्याने आलेल्याला त्या दिवसांत फार एकटं वाटतं. अशा वेळी लोकांना घरी बोलवायला याहून सोपं निमित्त नाही.

1. आधी हे काय आहे ते समजून घ्या

ऑस्ट्रेलियातला खरा नाताळ भर उन्हाळ्यात येतो. 25 डिसेंबरला लोक समुद्रावर असतात, कोळंबी आणि गार हॅम खातात, बाहेर बार्बेक्यू लावतात. पण शुभेच्छापत्रांवर बर्फ, लोकरी टोप्या आणि शेकोटी असते, कारण ही सगळी चित्रं युरोपातून आली. गरमागरम भाजलेलं जेवण, वाफाळती पुडिंग, शेगडीजवळची संध्याकाळ हे सगळं इथे थंडीतच शोभतं, आणि इथली थंडी जून ते ऑगस्टमध्ये. म्हणून जुलैत हा दुसरा, बिनसरकारी नाताळ.

सिडनीकडे याचं मूळ ब्लू माउंटन्समध्ये सांगतात. 1980 साली कटूम्बा गावातल्या एका हॉटेलात उतरलेल्या आयरिश पाहुण्यांना जुलैतली थंडी पाहून घरचा नाताळ आठवला आणि त्यांनी हॉटेलमालकाला तसं जेवण करायला सांगितलं. तिथून त्या डोंगरात 'यूलफेस्ट', म्हणजे हिवाळ्यातल्या नाताळाचा उत्सव, रुजला. अमेरिकेतली गोष्ट त्याहून जुनी: नॉर्थ कॅरोलायनात ब्रेवर्डजवळच्या कीस्टोन कॅम्प या मुलींच्या शिबिरात 1933 च्या जुलैत असा नाताळ साजरा झाला होता. तिथे मात्र जुलै म्हणजे ऐन उन्हाळा, त्यामुळे तिकडे त्याला मजेचं आणि आता सेलचं रूप आहे. आपल्याला इथे प्रत्यक्ष थंडी मिळते, हा मोठा फरक.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. याला सुट्टी नसते. न्यू साउथ वेल्समध्ये जूनमधला किंग्ज बर्थडेचा सोमवार गेला की पुढची सार्वजनिक सुट्टी थेट ऑक्टोबरमधल्या लेबर डेची. मधले महिने कोरडे जातात, आणि हा सण टिकण्यामागे माझ्या मते तेही एक कारण आहे. दुसरं, हा धार्मिक सण नाही. चर्चमध्ये त्या दिवशी नाताळचा मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, नसतो. कॅथलिक दिनदर्शिकेत 25 जुलैला संत याकोबाचा सण असतो, येशूजन्माशी त्याचा संबंध नाही. तुमचे ख्रिस्ती मित्र श्रद्धाळू असतील तर काहींना हे सगळं पोकळ वाटू शकतं. त्यांना आग्रह करू नका. 'हिवाळ्याचं जेवण' म्हणून बोलवा, आनंदाने येतील.

2. तारीख ठरवताना पंचांग उघडा

हे मराठी घराला कुठलाही इंग्रजी लेख सांगणार नाही. 25 जुलै ही तारीख आपल्याकडे वेगवेगळ्या वर्षी वेगळ्याच दिवशी येऊन बसते. 2025 मध्ये त्या दिवशी श्रावण सुरू झाला. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने त्याच 25 जुलैला, शनिवारी, आषाढी एकादशी आहे. म्हणजे शनिवार बघून तुम्ही खुशाल तारीख जाहीर कराल, आणि अर्ध्या मराठी पाहुण्यांना उपास असेल.

25 तारीखच हवी असा नियम कुठेच नाही. जून अखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत कुठलाही शनिवार चालतो. आमच्या घरी साधा हिशेब आहे: श्रावण लागण्याआधीचा, एकादशी सोडून येणारा शनिवार. सामिष खाणारे सगळे मोकळे असतात आणि आषाढात जेवणाचा उत्साहही असतो. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात शाळांना हिवाळी सुट्टी असते, तेव्हा बरीच कुटुंबं बाहेरगावी जातात. मुलांच्या मित्रांना बोलवायचं असेल तर तो काळ टाळा आणि निरोप तीन-चार आठवडे आधी द्या. इथे आयत्या वेळच्या आमंत्रणाला लोक येत नाहीत.

3. डोंगरात जायचं की घरी करायचं

पहिल्या वर्षी डोंगरात जा, असं माझं मत. एकदा तयार जेवण खाऊन, सजावट पाहून आलात की घरी काय करायचं ते आपोआप कळतं.

कटूम्बा सिडनीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आणि हजार मीटर उंचीवर आहे. सेंट्रल स्टेशनवरून ब्लू माउंटन्स लाइनची गाडी साधारण दोन तासांत पोचवते. ओपल कार्ड (इथलं प्रवासाचं कार्ड) किंवा बँकेचं कार्ड टॅप करा. शुक्रवार ते रविवार दिवसभराच्या भाड्याची कमाल मर्यादा कमी असते. निघण्याआधी ट्रॅकवर्क आहे का ते ॲपवर बघाच. शनिवार-रविवारी रुळांचं काम निघालं की गाडीऐवजी बस मिळते आणि वेळेचं गणित कोलमडतं. यूलफेस्टचं जेवण हॉटेलांमध्ये ठरलेल्या दराचं आणि बहुतेक रात्रीचं असतं, जागा आधीच भरतात. शाकाहारी ताट हवं असेल तर बुकिंग करतानाच लिहा. तिथे पोचल्यावर सांगितलं तर उकडलेल्या भाज्या समोर येतात.

सगळ्यात मोठी फसगत बर्फाची. कटूम्ब्यात जुलैत दिवसा आठ-दहा अंश, रात्री दोन-तीन अंश अशी थंडी असते, पण बर्फ क्वचित पडतो आणि पडला तरी लवकर वितळतो. मुलांना बर्फाचं आश्वासन देऊन नेऊ नका. खरा बर्फ बघायचा तर थ्रेडबो किंवा पेरिशरला जावं लागतं. तो सिडनीहून पाच-सहा तासांचा रस्ता आहे आणि ती सहलच वेगळी. कटूम्ब्यात एको पॉइंटवरून थ्री सिस्टर्स हे तीन सुळके बघा, शेजारच्या ल्युरा गावातल्या 'मॉल' नावाच्या रस्त्यावर चहा घ्या, आणि संध्याकाळी पाचच्या आधी कुठेतरी आत शिरा, कारण सूर्य मावळल्यावर वारा बोचतो. मुंबई-पुण्याहून आणलेला एक स्वेटर तिथे पुरत नाही. आतून थर्मल, वरून वारा अडवणारं जाकीट आणि कानटोपी न्या.

4. घरी करायचं तर काय काय लागेल

कागदपत्रं कसलीच नाहीत, फक्त भाड्याच्या घराचा करार आणि इमारतीचे नियम एकदा वाचा. भिंतीला खिळे, हुक किंवा चिकटपट्टी चालते का, बाल्कनीत दिवे लावता येतात का, व्हिजिटर पार्किंग किती तास, हे त्यात असतं. बाकी सामान असं:

- ओव्हन, आणि त्याची आतली मापं टेपने मोजलेली. भाड्याच्या युनिटमधले, म्हणजे फ्लॅटमधले, ओव्हन लहान असतात.
- मोठा भाजायचा ट्रे आणि ॲल्युमिनियम फॉइल.
- मांसात खुपसायचा थर्मामीटर. स्वस्त मिळतो, तो नसेल तर टर्की करू नका.
- फ्रिजमधला एक पूर्ण कप्पा रिकामा.
- नकली झाड. खरी पाइनची झाडं डिसेंबरमध्येच विकायला येतात. शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये झाड आणि दिव्यांची माळ पडून असते, मागितली तर हसत देतात.
- बॉनबॉन, म्हणजे दोघांनी दोन टोकं ओढून फोडायच्या कागदी नळ्या. आत कागदी मुकुट आणि एक विनोद असतो. जुलैत दुकानात सहज सापडत नाहीत, डिसेंबरनंतर अर्ध्या किमतीत मिळतात तेव्हाच घेऊन ठेवा.

5. जेवण

खरं काम इथे आहे, आणि नवखे लोक इथेच दमतात, कारण ते सगळंच करायला जातात. टर्की, हॅम, पोर्क, तीन भाज्या, दोन सॉस, शिवाय "आपलं काहीतरी हवं" म्हणून बिर्याणी. एक मुख्य पदार्थ, भाजलेल्या भाज्या, एक सॉस आणि एक गोड एवढं पुरे. ओव्हन एकच आहे हे विसरू नका.

*टर्की की चिकन.* आठ माणसांपर्यंत मी दोन कोंबड्याच भाजायला सांगेन. जुलैत टर्की बहुधा गोठवलेली मिळते आणि अख्खी टर्की लहान ओव्हनमध्ये मावत नाही. करायचीच असेल तर चार किलोची टर्की फ्रिजमध्येच वितळू द्या, त्याला किमान दोन दिवस लागतात. ओट्यावर रात्रभर ठेवू नका. आपल्याकडे चिकन धुतल्याशिवाय कुणी शिजवत नाही, पण इथे कच्ची कोंबडी किंवा टर्की नळाखाली धुवू नये असा स्पष्ट सल्ला आहे. पाण्याच्या तुषारांबरोबर जंतू सिंकभर आणि शेजारच्या कोशिंबिरीवर उडतात. कागदी रुमालाने टिपून घ्या. भाजून झाली की थर्मामीटर मांडीच्या जाड भागात, हाडाला न लावता खुपसा. 75 अंश दिसले की झाली. रंगावर जाऊ नका. मग वर फॉइल टाकून किमान वीस मिनिटं तशीच ठेवा आणि ओव्हन बटाट्यांना द्या.

*बटाटे.* पाहुणे टर्की विसरतील, हे बटाटे विसरणार नाहीत. 'सेबॅगो' जातीचे घ्या, दुकानात माती लागलेले 'ब्रश्ड' बटाटे म्हणून मिळतात. सोलून, मोठे तुकडे करून मिठाच्या पाण्यात दहाएक मिनिटं उकडा; सुरी कडेने सहज जाईल, पण मधे अडेल एवढेच. पाणी पूर्ण निथळा, पातेल्यावर झाकण ठेवा आणि दोन्ही हातांनी धरून चार-पाच हिसके द्या. झाकण उघडल्यावर तुकड्यांच्या कडा फुटून पिठूळ, भुरभुरीत झालेल्या दिसल्या पाहिजेत. तीच पुढे कुरकुरीत साल होणार. तोवर ट्रेमध्ये बोटाच्या पेराच्या निम्म्याने तेल घालून 200 अंशांवर तापवलेलं असावं. बटाटा टाकताच चर्र आवाज आला पाहिजे. नाही आला तर तेल थंड आहे, ट्रे परत आत ठेवा. एक तास, मधे एकदा उलटायचे. मीठ आणि रोझमेरी शेवटी. वाटीभर तूप तेलात मिसळलंत तर वासानेच लोक स्वयंपाकघरात येतील.

*शाकाहारी ताट.* शाकाहारी माणसाला नुसत्या बाजूच्या भाज्यांवर बसवू नका. लाल भोपळ्याच्या जाड फोडी सालासकट भाजा, किंवा अख्खा फ्लॉवर दही-मसाला लावून भाजा. टेबलाच्या मधोमध ठेवला की तोही तितकाच रुबाबदार दिसतो. त्याच्यासाठी ट्रे वेगळा हवा, वरच्या जाळीवर, म्हणजे मांसाची चरबी त्यावर ठिबकणार नाही.

*लपलेलं मांस.* हे नीट वाचा, कारण इथे खूप जण फसतात. 'मिन्स पाय'मध्ये खिमा नसतो, आत सुका मेवा आणि मसाले असतात, हे लोक तुम्हाला सांगतील. ते खरं आहे. पण त्यातल्या सारणात आणि ख्रिसमस पुडिंगमध्ये पारंपरिक पद्धतीने 'स्यूएट' घालतात, आणि स्यूएट म्हणजे गाईच्या किंवा मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. आजकाल बऱ्याच पाकिटांत वनस्पती तेल असतं, पण पाकिटामागचे घटक वाचल्याशिवाय घेऊ नका. ट्रायफल या थरांच्या गोड पदार्थातली जेली आणि हॉट चॉकलेटवरचे मार्शमेलो जिलेटिनचे असतात, तेही प्राणिजन्य. ग्रेव्हीची पावडर आणि स्टॉकचे क्यूबही तपासा. पुडिंगमध्ये ब्रँडी असते, हे मुलांच्या पालकांना आधी सांगून ठेवा.

*पुडिंग पेटवणं.* करायला सोपं, बघायला सुंदर. मोठ्या पळीत दोन-तीन चमचे ब्रँडी हलकी कोमट करा, गॅसपासून लांब नेऊन लांब काडीने पेटवा आणि जळतीच पुडिंगवर ओता. दिवे आधी बंद करा, निळी ज्योत उजेडात दिसत नाही. बाटलीतून थेट ओतू नका. पुडिंगमध्ये नाणी लपवायची जुनी रीत आहे, पण ती 1966 पूर्वीच्या चांदीच्या नाण्यांची. आताची नाणी घालू नका. त्याऐवजी एक सोललेला बदाम घाला, ज्याला मिळेल त्याला पहिलं बक्षीस.

*पेय.* रेड वाइनमध्ये दालचिनी, लवंग, संत्र्याची साल आणि साखर घालून मंद आचेवर गरम करायची, उकळू द्यायची नाही. तोच मसाला सफरचंदाच्या रसात घालून दुसरं पातेलं मुलांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी ठेवा. आमच्याकडे हे दुसरंच आधी संपतं. गाडी चालवणाऱ्यांसाठी रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 0.05 आहे, लर्नर आणि पी-प्लेटवाल्यांसाठी (शिकाऊ आणि नवख्या चालकांसाठी) शून्य.

6. धूर, शेगडी आणि अलार्म

ओव्हनमध्ये तेल तापलं की धूर होतो आणि घरातला स्मोक अलार्म वाजतो. त्या घाईत युनिटचं मुख्य दार उघडून धूर बाहेर कॉरिडॉरमध्ये घालवू नका. तिथला अलार्म पुष्कळ इमारतींत थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो. गाडी येते आणि खोट्या अलार्मचं हजार डॉलरच्या वरचं बिल इमारतीमार्फत तुमच्या दाराशी येतं. खिडक्या आणि बाल्कनीचं दार उघडा, एक्झॉस्ट लावा.

इथली घरं आतून फार थंड असतात. म्हणून कुणी कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू घरात आणून शेकायचा विचार करत असेल तर त्याला थांबवा. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि त्याने माणसं दगावतात. विजेचा हीटर लावा, पडदे आणि झाडापासून मीटरभर लांब.

7. सजावट

डिसेंबरमध्ये सिडनीत रात्री आठपर्यंत उजेड असतो, दिव्यांच्या माळा जेवण संपेपर्यंत दिसतच नाहीत. जुलैत पाच-सव्वापाचला अंधार पडतो. म्हणून जेवण दुपारी ठेवू नका. चारला बोलवा, साडेपाचला दिवे लावा, सहाला जेवायला बसवा. दिवाळीच्या माळा आणि कंदील खुशाल काढा, पांढऱ्या-पिवळ्या उजेडात सगळं एकत्र शोभतं. कापसाचा बर्फ मात्र मेणबत्तीजवळ नको, क्षणात पेट घेतो. संत्र्याच्या चकत्या ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवून दोऱ्यात ओवणं हे मुलांना देण्यासारखं काम आहे.

8. भेटवस्तू

सांताक्लॉज मधे आणू नका. लहान मुलं लगेच विचारतात, मग डिसेंबरमध्ये तो परत येणार का, आणि दुसऱ्या घरातल्या आईवडिलांची पंचाईत होते. त्याऐवजी 'क्रिस क्रिंगल' करा: प्रत्येकाने चिठ्ठी उचलायची, ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी एकच वस्तू आणायची, किमतीची मर्यादा आधी ठरलेली. दहा-पंधरा डॉलर पुरतात. नव्याने आलेल्या कुटुंबाला खर्चाचं दडपण येत नाही, हा त्याचा खरा गुण.

9. पाहुणे म्हणून जाणार असाल तर

आमंत्रणात 'ब्रिंग अ प्लेट' लिहिलं असेल तर एखादा पदार्थ करून न्यायचा असतो, रिकामी ताटली नव्हे. काय आणू ते विचारा, म्हणजे पाच जणांकडून पाच सॅलड येत नाहीत. बटाटेवडे, करंज्या, गाजर हलवा काहीही आवडीने खातात, फक्त काजू-बदाम-शेंगदाणे असतील तर चिठ्ठी लावा. इथे सुक्या मेव्याची ॲलर्जी गंभीर असते. आपण काय खात नाही ते निरोप स्वीकारतानाच कळवा, त्यात संकोच नको. विनोदी नाताळी स्वेटर घालायला सांगितलं असेल तर सेकंड-हँड दुकानांत, ऑप शॉपमध्ये, मिळतो. वेळेवर जा. चार म्हणजे चार.

10. डिसेंबरच्या केकची फळं भिजवा

वसईत किंवा गोव्यात ज्यांची ख्रिस्ती मित्रमंडळी आहेत त्यांना हे ठाऊक असेल: नाताळच्या केकची फळं कितीतरी आधी रममध्ये पडलेली असतात. जुलैतली ही पार्टी त्यासाठी चांगली आठवण आहे. मनुका, काळ्या मनुका, खजूर आणि संत्र्याची पाकवलेली साल बारीक चिरून काचेच्या कोरड्या बरणीत भरा, वर बुडेपर्यंत रम ओता, झाकण घट्ट लावा. दर पंधरा दिवसांनी बरणी उलटीसुलटी करा, रम शोषली गेली तर थोडी वाढवा. ओला चमचा घालू नका. रम नको असेल तर जुलैत भिजवू नका, डिसेंबरमध्ये आदल्या रात्री संत्र्याच्या रसात भिजवलेली फळंही चांगली लागतात.

11. आवराआवर

उरलेलं मांस आणि ग्रेव्ही जेवणानंतर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेली पाहिजे. बाहेर थंडी आहे म्हणून ओट्यावर राहू देऊ नका, हीटरने खोली उबदार असते. हाडं मोठ्या पातेल्यात कांदा, मिरी आणि आल्याबरोबर उकळून सूप करा. उरलेले भाजलेले बटाटे दुसऱ्या दिवशी मोहरी-हिंगाच्या फोडणीत परतले की नाश्ता झाला. साधा रंगीत कागद पिवळ्या झाकणाच्या डब्यात जातो, चमकी लावलेला किंवा प्लास्टिकचा थर असलेला लाल झाकणाच्या. आणि शेजाऱ्यांकडून मागून आणलेलं झाड त्याच आठवड्यात परत द्या, सोबत डबाभर करंज्या.